मोतिया की मोरपंखी?

हॉल रंगवायचा ठरला की घरात दोन पक्ष पडतात. एकाला सगळीकडे मोतिया हवा असतो, दुसऱ्याला निदान एक भिंत तरी गडद मोरपंखी. वाद रंगतो, पण दोन्ही बाजूंची कारणं बहुतेक ऐकीवच.

‘गडद रंगानं खोली तापते’ हे त्यातलं सर्वांचं लाडकं. उन्हानं तापतात त्या गच्ची आणि बाहेरच्या भिंती. तिथं पांढरा रंग खरंच कामी येतो. आतल्या भिंतीवर थेट ऊन पडत नसेल, तर रंगामुळं उकाडा वाढत नाही. फरक पडतो उजेडात. मोतियासारखा फिका रंग पडलेल्या प्रकाशापैकी साधारण ७० ते ८० टक्के परत फेकतो. गडद मोरपंखी जेमतेम १० टक्के. चारही भिंती मोरपंखी केल्यात, तर दिवसाही दिवा लावावा लागेल.

‘खोली लहान दिसते’ हे अर्धसत्य. छत पांढरं ठेवलं तर खोली उंच भासते. आणि निळ्यानं मन शांत होतं म्हणे! असाच दावा गुलाबीबद्दलही होता: १९७९मध्ये अमेरिकेत सिअॅटलच्या एका नौदल तुरुंगात कैद्यांना शांत करण्यासाठी कोठडी गुलाबी रंगवली होती. पुढच्या काटेकोर प्रयोगांत तो परिणाम काही सिद्ध झाला नाही.

खिशाला चाट लावणारा गैरसमज मात्र शेडकार्डाचा. कार्डावर आवडलेला रंग भिंतीवर तसाच दिसेल, ही आशा फोल. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात विणकरांची तक्रार होती, की काळा रंग फिका पडतो. शेव्रल या रसायनशास्त्रज्ञानं तपासलं, तर दोष रंगात नव्हताच, शेजारच्या धाग्यांच्या रंगांत होता. १८३९मध्ये त्यानं त्यावर ग्रंथच लिहिला. मोरपंखीशेजारचा मोतिया म्हणूनच एकट्यापेक्षा जास्त पिवळसर वाटतो. त्यात दिव्याची भर: २७०० केल्विनच्या पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी हिरवट दिसतो, ६५००च्या पांढऱ्या ट्यूबखाली निळा.

तेव्हा दोन मोठ्या पुठ्ठ्यांवर दोन-दोन हात मारा, पूर्ण वाळू द्या (इमल्शन वाळल्यावर बहुधा गडद होतं) आणि शेजारी-शेजारी टेकवून सकाळी नि रात्री पाहा. माझा कौल तीन भिंती मोतिया, एक मोरपंखी, असाच. पण त्या एका भिंतीला ओल असेल, तर आधी गळती काढा. खार फुटला की त्याचे पांढरे डाग मोरपंखीवर लगेच उठून दिसतात.