ऱ्हाइनकाठचं पत्र : ऑपरेटर की इंजिनिअर?

मानहाइम

"मामा, बाबा म्हणतात इंजिनिअरिंगच कर. पण चिपळुणात एक जण सांगतोय, जर्मनीत प्लांट ऑपरेटरचं शिक्षण मिळतं, वर पगारही देतात. तू खरं काय ते सांग."

खेडहून भाचीचा हा निरोप येऊन पंधरा दिवस झाले. तिचे बाबा, म्हणजे आमचे दाजी, लोटे परशुरामच्या एमआयडीसीत बावीस वर्षं ऑपरेटर आहेत. केमिस्ट्रीत बीएस्सी झाले, फर्स्ट-सेकंड-नाईट करत संसार उभा केला. मी केमिकल इंजिनिअर होऊन इकडे आलो. एकाच घरात प्लांटच्या दोन्ही बाजू आहेत आणि मुलीचा प्रश्न त्या दोहोंच्या मधोमध पडला आहे. तिला दोन ओळींत उत्तर देणं मला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

मी राहतो ते मानहाइम ऱ्हाइनच्या एका काठाला. पलीकडच्या काठाला लुडविग्सहाफेन, आणि तिथे १८६५ साली सुरू झालेला बीएएसएफचा कारखाना. सुमारे दहा चौरस किलोमीटर जागेत जवळजवळ दोनशे प्लांट, एकाचा उरलेला माल दुसऱ्याचा कच्चा माल, आणि सगळ्यांना जोडणारं पाइपांचं जाळं. मी तिथे नोकरीला नाही, माझा कारखाना खूप लहान आहे. पण या परिसरात शाळेतली मुलं 'पुढे काय' असं बोलू लागली की डॉक्टर, वकील यांच्या जोडीला एक शब्द सहज येतो : केमिकांट. आपल्याकडे ज्याला प्लांट ऑपरेटर म्हणतात, तो.

जर्मनीत सव्वातीनशेच्या आसपास मान्यताप्राप्त व्यवसाय-शिक्षणक्रम आहेत. या शिक्षणाला आउसबिल्डुंग म्हणतात. केमिकांटचा शिक्षणक्रम साडेतीन वर्षांचा. उमेदवार आधी कंपनीशी करार करतो, मग काही काळ कंपनीत आणि काही काळ सरकारी व्यवसायशाळेत असं आळीपाळीने शिकतो. पंप उघडून सील बदलणं, ऊर्ध्वपातनाचा स्तंभ चालू करणं आणि सुखरूप बंद करणं, पाइपिंग आणि उपकरणांचा आराखडा वाचणं, तापमान-दाब-प्रवाह यांची नियंत्रणं समजून घेणं, नमुना काढून तपासणं हे सारं त्यात येतं. परीक्षा दोन भागांत होते आणि ती कंपनी नव्हे, तर उद्योग-वाणिज्य मंडळ घेतं. त्यामुळे प्रमाणपत्र कुठल्याही कंपनीत चालतं. शिकताना मिळणारं विद्यावेतन रसायन उद्योगात पहिल्या वर्षापासूनच महिन्याला हजार युरोंच्या वर असतं. भाचीच्या त्या माणसाने हे सांगितलं असेल तर ते खरं आहे. त्याने स्वतःसाठी काही लाख मागितले असतील तर मात्र लगेच उठून यावं, कारण या शिक्षणाला फीच नाही.

पण पैशाचा हिशेब नंतर. आधी दिवस कसा जातो ते सांगतो, कारण निवड खरी तिथे होते.

माझं काम सकाळी सुरू होतं आणि संध्याकाळी संपतं. मी बहुतेक वेळ अशा प्लांटमध्ये वावरतो जो अजून झालेलाच नाही. दोन वर्षांनी बसणारा उष्णता-विनिमयक, पुढच्या शटडाऊनमध्ये बदलायची लाइन, काय काय बिघडू शकतं याची चर्चा करणाऱ्या लांबलचक बैठका. कंट्रोल रूममधला माणूस, इकडे तिला मेसवार्ते म्हणतात, आत्ताच्या प्लांटमध्ये असतो. त्याच्यापुढे आज रात्रीची बॅच असते. माझ्या चुकीला सहसा कागदावर दुरुस्त व्हायला वेळ मिळतो. त्याच्या चुकीला पुष्कळदा मिनिटंच मिळतात.

इथल्या पहिल्या वर्षी मी एका बॅचचा वेळ चाळीस मिनिटांनी कमी करून दाखवला होता. गणित बरोबर होतं, शीतकरणाला वाव होता, आलेख देखणे होते. पाळीतल्या एका वयस्क ऑपरेटरने कागद पाहिला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि विचारलं, "मग डोसिंग कधी सुरू होणार?" मी मोजलं. सकाळी सहाला दहा मिनिटं कमी असताना. म्हणजे एक पाळी चार्ज देत असताना आणि दुसरी घेत असताना, ज्या क्षणी खोलीत माणसं दुप्पट आणि लक्ष निम्मं, नेमकं तेव्हा त्या बॅचमधली सर्वांत जास्त उष्णता सोडणारी पायरी येणार होती. अभिक्रियेचा वेग मला माहीत होता. सहा वाजता त्या खोलीत काय होतं, ते त्याला माहीत होतं. आम्ही वेळापत्रक पुन्हा बसवलं, अर्धी बचत गेली, आणि त्या दिवसापासून मी कुठलाही बदल कागदावर पक्का करण्याआधी रात्रपाळीला जाऊन बसतो.

असा प्रश्न कुणी विचारला नाही तर काय होतं, याची खूण पलीकडच्या काठावरच आहे. लुडविग्सहाफेनच्या उत्तरेचा भाग म्हणजे ओप्पाउ. फ्रिट्झ हाबर यांनी कार्ल्सरूहच्या प्रयोगशाळेत नायट्रोजन आणि हायड्रोजन जोडून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश यांनी तो कारखान्यात आणला, आणि जगातला त्या पद्धतीचा पहिला मोठा प्लांट १९१३ साली ओप्पाउला सुरू झाला. आपल्या थळच्या खतकारखान्यातल्या युरियाच्या गोणीचंही मूळ इथेच सापडतं. त्याच ओप्पाउत अमोनियम सल्फेट आणि नायट्रेटचं मिश्र खत एका कोठारात साठवत. ते दगडासारखं घट्ट व्हायचं, मग छोटे सुरुंग लावून सुटं करायचे. हे हजारो वेळा बिनधोक झालं होतं. २१ सप्टेंबर १९२१ च्या सकाळी त्यातला काही भाग उडाला आणि पाचशेहून जास्त माणसं गेली. नंतरच्या अभ्यासकांनी बोट ठेवलं ते त्याच वर्षी बदललेल्या वाळवण्याच्या पद्धतीवर : खत फवारून वाळवू लागल्याने ते आधीपेक्षा बारीक, कोरडं आणि सैल झालं होतं. म्हणजे वरच्या टप्प्यावर पदार्थ बदलला आणि खालच्या टप्प्यावर सवय तीच राहिली. ज्यांनी वाळवण्याची पद्धत बदलली आणि जे सुरुंग ठासत होते, ते या बदलाबद्दल एका टेबलाशी बसले होते का, हा प्रश्न मला आजही सतावतो.

म्हणून ऑपरेटर आणि इंजिनिअर यांच्यातली भिंत किती उंच, हा माझ्या लेखी मानापमानाचा प्रश्न नाही, सुरक्षेचा आहे. ज्याला खालचा समजतात तो इंजिनिअरला घड्याळ दाखवत नाही.

जर्मन रसायन उद्योगाने ही भिंत बरीच खाली आणली, आणि तीही करार करून. १९८७ साली कामगार आणि कर्मचारी असे वेगवेगळे पगारतक्ते रद्द करून मालक संघटना आणि कामगार संघटना यांनी १३ पायऱ्यांची एकच शिडी ठरवली. केमिकांट मधल्या पायऱ्यांवर चढतो आणि वर जाऊ शकतो. विद्यापीठातून आलेल्यांचे करार बहुधा वेगळे असतात, त्यामुळे फरक मिटला असं मी म्हणणार नाही. पण शिकण्याचा रस्ता मध्येच संपत नाही. काही वर्षांच्या अनुभवानंतर केमिकांट 'मायस्टर' होण्यासाठी परीक्षा देतो. मायस्टर म्हणजे आपला शिफ्ट इनचार्ज, पण परीक्षा देऊन झालेला. देशाच्या पात्रता-आराखड्यात तो सहाव्या स्तरावर आहे, म्हणजे पदवीधराच्या बरोबरीला. २००९ पासून मायस्टरला विद्यापीठाचं दारही उघडं झालं. पाळीत काम करून मग इंजिनिअर झालेले सहकारी मला इथे भेटले आहेत आणि त्यांची आखणी वेगळी ओळखू येते : व्हॉल्व्ह हात पोचेल अशा उंचीवर असतो.

आता दुसरी बाजू. चौथीनंतर, मूल जेमतेम दहा वर्षांचं असताना, इथल्या शाळांच्या वाटा फुटायला लागतात, आणि विद्यापीठाकडे जाणाऱ्या वाटेवर शिकलेल्या आईबापांचीच मुलं जास्त दिसतात. हे मला पटत नाही. नंतर दारं उघडी आहेत हे खरं, पण दहाव्या वर्षी मनात बसलेलं 'आपलं काम नव्हे ते' पुसायला पुष्कळ वर्षं लागतात.

आणि पाळी ही पाळीच. इथे बऱ्याच ठिकाणी असं चक्र असतं : बारा तास दिवसपाळी, चोवीस तास सुट्टी, बारा तास रात्रपाळी, अठ्ठेचाळीस तास सुट्टी. हिशेब केला तर आठवड्याला ४२ तास होतात. करारातला आठवडा साडेसदतीस तासांचा, म्हणून फरकाच्या जादा सुट्ट्या देतात. रात्रीच्या भत्त्यावर ठरावीक मर्यादेपर्यंत करही नाही. पण झोप कुठल्याही भत्त्याने परत मिळत नाही. दाजींना विचारा, दुपारी पडदे ओढून झोपलेल्या माणसाच्या घरात मुलं कशी चवड्यांवर चालतात ते.

आणखी एक गोष्ट भाचीला सांगायलाच हवी. इंजिनिअरचं ज्ञान बरंचसं त्याच्याबरोबर प्रवास करतं. ऑपरेटरच्या ज्ञानातला सर्वांत मोलाचा भाग त्या एका प्लांटला बांधलेला असतो. युक्रेनच्या युद्धानंतर गॅस महागला आणि २०२३ च्या फेब्रुवारीत बीएएसएफने लुडविग्सहाफेनमधल्या दोनपैकी एक अमोनिया प्लांट बंद करत असल्याचं जाहीर केलं. ज्या गावात अमोनिया पहिल्यांदा टनांनी निघाला, तिथे. आणखीही प्लांट त्या यादीत होते आणि उत्पादनातल्या सुमारे ७०० जागांवर त्याचा परिणाम होणार होता. बहुतेकांना इतर प्लांटमध्ये सामावून घेता येईल असं कंपनीने सांगितलं. पण वीस वर्षं ज्या कंप्रेसरचा आवाज ओळखला, तो ज्याचा थांबला त्याला पुन्हा नव्याने कान तयार करावे लागतात.

भाषेचंही तसंच. संशोधनातला इंजिनिअर इथे काही काळ इंग्रजीवर निभावून नेतो. ऑपरेटरला ते शक्य नाही. वॉकीटॉकीवर भोंग्याच्या आवाजात आलेलं वाक्य पहिल्यांदा ऐकतानाच कळलं पाहिजे, कामाचा परवाना वाचूनच सही केली पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारने कुशल मनुष्यबळ पाठवण्यासाठी बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. मानहाइम त्याच राज्यात येतं, त्यामुळे इकडे येऊ पाहणाऱ्या मराठी मुलांचे फोन मला वरचेवर येतात. प्रत्येकाला मी हेच सांगतो : आधी जर्मन, नीट, शिक्षकाकडे बसून. बाकीचं त्यानंतर.

आणि खेडमध्ये राहूनही रस्ते आहेत. आयटीआयमध्ये केमिकल प्लांटच्या अटेंडंट ऑपरेटरचा दोन वर्षांचा ट्रेड आहे. डिप्लोमा करून थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. कागदावर आपली शिडीही तुटलेली नाही. कमी आहे ती आपल्या डोळ्यांत. लोट्याच्या इंजिनिअरला पाहुणे नाव विचारतात आणि ऑपरेटरला 'कंपनीत असतो' म्हणून सोडून देतात.

हे सगळं भाचीला फोनवर सांगितलं. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "मामा, तिथे नाईटला मुली असतात का?"

असतात. आमच्या चार पाळ्यांत तिघी आहेत, एक मायस्टरची परीक्षा देते आहे. पण हे इथेही फार जुनं नाही. जर्मनीत स्त्री कामगारांना रात्री काम करायला बंदी होती. कार्यालयातल्या स्त्री कर्मचाऱ्यांना मात्र ती लागू नव्हती. म्हणजे एकाच कारखान्यात बाईच्या रात्रीचं मोल तिच्या हुद्द्यावरून ठरत होतं. २८ जानेवारी १९९२ रोजी घटना न्यायालयाने ती बंदी समानतेच्या तत्त्वाविरुद्ध ठरवली. आपल्याकडे १९४८ च्या कारखाना कायद्याने असंच बंधन घातलं होतं, आणि मला वाटतं दाजींच्या 'इंजिनिअरच हो' या आग्रहामागे तेही आहे : जनरल शिफ्ट, दिवसाउजेडी घरी.

मी दाजींशी बोललो. बावीस वर्षांत त्यांनी तिला गेटच्या आत कधी नेलेलं नव्हतं. आता त्यांनी कंपनीकडे परवानगीचा अर्ज दिला आहे. सेफ्टी शूज तिच्या मापाचे मिळत नाहीत, म्हणून चिपळूणहून मागवले आहेत.