नरनाळ्याचा महाकाली दरवाजा

वऱ्हाडच्या काळ्या सपाट रानांतून आकोटच्या उत्तरेस गेलें म्हणजे सातपुड्याची रांग एकाएकीं समोर उभी राहते. तिच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,००० फूट उंचीवर, नरनाळ्याचा किल्ला आहे. मंगरूळपीरास इतिहास शिकवितांना मला नेहमीं असें आढळे कीं, सह्याद्रीवरील गडांचीं नांवें मुलांना तोंडपाठ असत, परंतु स्वतःच्या प्रांतांतील या गडाची त्यांना ओळख नसे. ती करून द्यावी, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

बहामनी सुलतान अहमदशहा वली इ. स. १४२५ च्या सुमारास एलिचपुरास राहिला असतां त्यानें गाविलगड बांधविला व नरनाळा दुरुस्त करविला, असें फिरिश्ता लिहितो. दुरुस्ती जुन्या वस्तूचीच व्हावयाची. तेव्हां येथें त्यापूर्वींही गड होता, हें उघड आहे. माळव्याकडून येणाऱ्या स्वाऱ्यांपासून राज्याची उत्तर सीमा राखणें, हें या दोन्ही गडांचें काम.

नरनाळा हा एक नसून तीन किल्ल्यांचा समूह आहे : मधोमध नरनाळा, पूर्वेस जाफराबाद व पश्चिमेस तेलियागड. पायथ्याच्या शहानूर गांवाकडून चढणाऱ्या वाटेवर एकामागून एक दरवाजे लागतात. माथ्यावर शक्कर तलाव आहे, वरून झांकलेलीं दगडी टांकीं आहेत, आणि पाणी वाहून नेणाऱ्या पाटांचे अवशेषही आहेत. वेढा पडला असतां तटाइतकाच आधार पाण्याचा असतो. युरोपांतही हीच गोष्ट दिसते. पोर्तुगालांत सिंत्रा येथें मूर लोकांचा डोंगरी गड आहे; त्याच्याही पोटांत पाण्याचें मोठें टांकें आहे. तथापि ११४७ चा प्रसंग पाहा : लिस्बन शत्रूच्या हातीं जातांच तो गड न लढतां स्वाधीन झाला.

आतां महाकाली दरवाजाकडे वळूं. तो पांढुरक्या वालुकाश्माचा आहे. कमानीवर कमळें, वर नक्षीदार कंगणी, अरबी लेखांच्या पट्ट्या, आणि दोहों बाजूंस पुढें आलेले सज्जे. त्यांतील दगडी जाळ्यांचे नमुने नाना प्रकारचे आहेत. युद्धाच्या दृष्टीनें दरवाजा ही तटांतील सर्वांत नाजूक जागा. मग तेथेंच एवढी कारागिरी कां? कारण हा गड नुसता लढण्याचा नव्हता, तो राज्य करण्याचा होता. वर येणाऱ्या माणसास धन्याचें वैभव प्रथम येथेंच दिसावें, अशी ती योजना आहे.

पण धनी कोण? लेखांत १४८७ साल येतें व सुलतान म्हणून महमूदशहा बहामनीचें नांव येतें. महमूद गवानाचा १४८१ मध्यें वध झाल्यावर बिदरची सत्ता खिळखिळी झाली होती. वऱ्हाडचा खरा कारभार फतेउल्ला इमादुल्मुल्क याच्या हातीं होता. पुढें तीन वर्षांनीं, १४९० च्या सुमारास, तो स्वतंत्र झाला व इमादशाही सुरू झाली. म्हणजे दगडावर नांव एकाचें व सत्ता दुसऱ्याची! लेख खोटा नाहीं; मात्र तो कोणत्या दिवसांत कोरला गेला, हें ठाऊक असल्यावांचून त्याचा अर्थ लागत नाहीं.

असे गड पडतात तरी कसे? शेजारच्या गाविलगडाचें उदाहरण घ्या. १८०३ च्या डिसेंबरांत वेलस्लीच्या फौजेनें डोंगराला जोडलेल्या उत्तर बाजूस तोफा ओढून नेल्या व बाहेरच्या तटास खिंडार पाडलें. आंतला तट मात्र अभंग होता. ता. १५ रोजीं कांहीं शिपाई शिड्या लावून त्यावर चढले व त्यांनीं आंतून दरवाजा उघडला. किल्लेदार बेनीसिंग लढतां लढतां पडला. दोनच दिवसांनीं देवगांवचा तह झाला. तटापेक्षां जागता पहारा मोठा, तो असा.

नरनाळा आज अभयारण्याच्या हद्दींत आहे. तेथें राजाचे पहारेकरी राहिले नाहींत. आतां पहारा आपला. महाकाली दरवाजाच्या जाळीवर स्वतःचें नांव खरडणारा हात, पांचशें वर्षें टिकलेला लेख पुसण्यास हातभार लावतो. तेव्हां जरूर जा, मुलांना बरोबर न्या. परंतु त्यांना लिहावयास नव्हे, वाचावयास शिकवा.