बिऱ्हाडकरूची स्कूटर

अठरा वर्षे मी महाविद्यालयात मराठी शिकवतो आहे. माझ्या तासाला मुले खुशाल डुलक्या घेतात, पण माझ्याविरुद्ध लेखी तक्रार अद्याप एकानेही केलेली नाही. ते काम अखेर आमच्या शेजारच्या काकांनी केले, आणि तेही माझ्या स्कूटरपायी!

कोथरूडमधल्या एका चार मजली सोसायटीत आम्ही तिघे बिऱ्हाड करून आहोत. गेल्या वर्षी श्रावणातल्या एका रविवारी जिन्याजवळच्या फलकावर चिठ्ठी लागली: ‘फ्लॅट क्र. ७ मधील भाडोत्री यांनी पंपाच्या खोलीच्या भिंतीलगत आपले वाहन अनधिकृतपणे उभे करू नये.’ खाली सेक्रेटरींची सही, आणि ‘फ्लॅट क्र. ८ यांच्या तक्रारीवरून’ असा खुलासा. म्हणजे भिंतीला भिंत लागून असलेले काका!

वाचकहो, खरे सांगतो, मला ‘अनधिकृत’ झोंबले नाही, ‘भाडोत्री’ झोंबले. वर्तमानपत्रात हा शब्द येतो तो मारेकऱ्यांच्या नाही तर सैनिकांच्या मागे. ‘बिऱ्हाडकरू’ म्हटले की कशी चूल, अंथरूण-पांघरूण आणि दोन पोरे डोळ्यांपुढे येतात! माझे बालपण सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेले. वडील तिथले बिऱ्हाडकरू. वाड्याचे मालक बोळात सायकल दिसली की तिची हवा सोडीत आणि वडील मुकाट्याने पंप मारून कामावर जात. पण त्यापलीकडे मालकांचे काही चालत नसे. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडे गोठवून टाकले होते, आणि बिऱ्हाडकरूला बाहेर काढायचे म्हणजे कोर्टाच्या पायऱ्या झिजवणे आले. सायकलीची हवा जाई, घर जात नसे.

आमचे तसे नाही. आम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नव्हे; अकरा महिन्यांचे परवानाधारक! १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर दुप्पट दराने पैसे मोजावे लागतात. आमचा करार ३१ डिसेंबरला संपणार होता. मुलगी दहावीला. तिची परीक्षा त्यानंतर दोन महिन्यांवर. तेव्हा ती चिठ्ठी वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो स्कूटरसाठी नव्हता.

घरमालकांना बंगळुरूला फोन केला. ते म्हणाले, “सर, ती जागा मी बिल्डरला रोख मोजून घेतलीय. पण आता सोसायटीशी वाद नको. तुम्हीच जरा सांभाळून घ्या. डिसेंबरात आपल्याला पुन्हा बसायचंच आहे ना?” शेवटचे वाक्य त्यांनी अगदी गोड आवाजात म्हटले.

सेक्रेटरींकडे गेलो. “पार्किंग सभासदांचं, सर. तुम्ही सभासद नाही,” एवढे सांगून त्यांनी चहा विचारला. चहा चांगला होता.

मग माझ्यातला प्राध्यापक जागा झाला. चार रात्री बसून मी कागद वाचले. इमारतीच्या खांबांमधली ती मोकळी जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकताच येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईतल्या एका सोसायटीच्या खटल्यात सांगून ठेवले आहे. ती सगळ्यांची सामाईक. म्हणजे आमच्या मालकांनी मोजलेली रोख रक्कम तेवढी खरी, मालकी खरी नव्हे. उलट आदर्श उपविधींत असेही आहे की जागा वाटायच्या त्या सोसायटीने, आणि वाहने जास्त, जागा कमी, असे असेल तर वर्षाला चिठ्ठ्या टाकून. आमच्याकडे चिठ्ठ्या कधीच टाकलेल्या नव्हत्या. ज्याने आधी भिंतीवर रंगाने आकडा काढला, त्याची जागा! काकांचा तरी त्या भिंतीवर काय हक्क? त्यांच्याकडे तर वाहनच नव्हते. मी चार पानी उत्तर लिहायला घेतले. भाषा, माझी मीच सांगतो, झकास उतरली होती.

“काकांना विचारलंत का, त्यांना काय अडचण आहे?” सौभाग्यवतींनी विचारले.

“लेखी तक्रारीला लेखी उत्तर,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मला कोल्हापूरची पहाटेची एसटी गाठायची होती. पाचला खाली उतरलो. दिवा गेलेला, अंधूक उजेड. काका दुधाची पिशवी घेऊन फाटकातून येत होते. डावा हात भिंतीवर टेकवीत, एकेक पाऊल चाचपीत. पंपाच्या खोलीपाशी आले, आणि भिंत संपली. म्हणजे भिंत होती, पण तिला लागून माझी स्कूटर होती. काका थांबले. हात आखडता घेतला, स्कूटरच्या सीटवर ठेवला, ती जराशी डगमगली तसा झटकन काढून घेतला. मग तेवढे तीन-चार हात अंतर ते आधाराविना, श्वास रोखून चालले. पुन्हा भिंत सापडली तेव्हा त्यांचा खांदा खाली आलेला मला दिसला.

मी जिन्याच्या कोपऱ्यात उभा होतो. पुढे होऊन हात द्यावा असे वाटले; दिला नाही. ज्या माणसाने ‘मला धरायला भिंत लागते’ एवढे चार शब्द लिहिण्याऐवजी ‘अनधिकृत’ लिहवून घेतले, त्याला ते आवडले नसते. ते वर जाईपर्यंत मी तसाच थांबलो, आणि एसटी चुकली.

संध्याकाळी काका गॅलरीत भेटले.

“काका, तिथे पंपाचं पाणी उडतं हो गाडीवर. मी ती जांभळाखाली लावीन म्हणतो.”

काकांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिले. “तुमची मर्जी, सर,” ते म्हणाले आणि आत गेले. चार पानी उत्तर मी रद्दीत टाकले. दोन वाक्ये मात्र काढून ठेवली आहेत, कुठे तरी उपयोगी पडतील.

जांभळाखाली स्कूटर लावणे म्हणजे काय, हे ज्याला पक्षी ठाऊक आहेत त्याला सांगायला नको. रोज सकाळी बादली आणि फडके. आठवडाभराने काकांनी दारावर टकटक केले. हातात एक जाड, जुने कव्हर. “माझ्या स्कूटरचं आहे. पडलो तेव्हा गाडी विकली, हे राहिलं. नुसतंच पडून आहे.”

करार जानेवारीत पुन्हा अकरा महिन्यांचा झाला. भाडे हजाराने वाढले. मुलगी पास झाली. आणि स्कूटर अजून जांभळाखालीच असते. तिच्या कव्हरवर पांढऱ्या रंगात मोठा ‘८’ काढलेला आहे. परवा नव्या रखवालदाराने एका पाहुण्याची मोटार तिथून हटवली. “हलवा साहेब,” तो दरडावून सांगत होता, “आठ नंबरवाल्या काकांची जागा आहे ती.”