हरताळाखालची फाइल

सी-डॅक म्हटलं की आपल्याला पुणं आठवतं आणि 'परम' महासंगणक. पण सरकारी कचेऱ्या आणि शाळा डोळ्यांपुढे ठेवून बनवलेली 'बॉस' ही मुक्त संगणकप्रणाली 2007 साली आली, ती याच संस्थेच्या चेन्नई केंद्रातून. डेबियन लिनक्सच्या घराण्यातली, मराठीही जाणणारी.

संगणकात काहीही न बसवता ती नुसत्या डीव्हीडीवरून चालवून बघता येते. आता डीव्हीडीवर एकदा कोरलेलं बदलत नाही. तरी तुम्ही पडद्यावरचं चित्र बदलता, फाइली लिहिता, पुसता, आणि सगळं बिनबोभाट चालतं!

ही करामत थरांची. खाली मूळ प्रत, फक्त वाचण्यापुरती. वर रॅममधला कोरा थर. संगणक दोन्ही मिळून एकच फोल्डर दाखवतो. फाइल हवी असेल तर आधी वर शोधतो, नसेल तर खाली. खालची फाइल बदलायची तर आधी ती वर उतरवून घेतो. एक जीबीच्या फाइलीत एक अक्षर बदललं तरी अख्खी जीबी वर येते. उधळपट्टीच, पण मूळ प्रतीला धक्का लागत नाही. वीज गेली की वरचा थर गेला, खालचं जसंच्या तसं.

खरी गंमत पुसण्यात आहे. खालची फाइल पुसता येतच नाही. जुने लेखनिक पोथीत चुकलेल्या अक्षरावर पिवळा हरताळ फासत. आपला वाक्प्रचार तिथलाच. इथेही वरच्या थरात त्याच नावाची एक खूण ठेवतात. ती दिसली की संगणक फाइल नाहीच म्हणतो. अशा खुणेला म्हणतात 'व्हाइटआउट'. आपला रंग पिवळा, त्यांचा पांढरा.

कल्पना बीएसडी युनिक्सपासूनची. लिनक्सच्या गाभ्यात मात्र ती रखडत आली: जुंजिरो ओकाजिमा यांचं असेच थर रचणारं 'एयूएफएस' बाहेरच राहिलं आणि मिक्लोश सेरेदी यांच्या 'ओव्हरलेएफएस'ला 2014च्या डिसेंबरात, 3.18 आवृत्तीत जागा मिळाली.

आज सर्व्हरवरचे डॉकर कंटेनर, म्हणजे लागणाऱ्या फाइलींसकट बंदिस्त केलेले प्रोग्रॅम, अशाच थरांवर उभे असतात. एका पायाच्या थरावर अनेक कंटेनर चालतात, म्हणून जागा वाचते. पण नवखा प्रोग्रामर एका थरात पासवर्ड ठेवतो, पुढच्या थरात पुसतो आणि थरांचा तो गठ्ठा, म्हणजे कंटेनरची 'इमेज', निर्धास्तपणे जगाला वाटतो. ज्याला थर सोलता येतात त्याला हरताळाखालचा पासवर्ड स्वच्छ वाचता येतो.