मेंदूचे काम कागदावर

सत्तावीस चौदे किती? पाटी न घेता मनातल्या मनात करून पाहा. हात हलत नाही, पाय हलत नाही, तरी डोक्यात काम चाललेलं असतं. हे काम बाहेरून टिपता येतं. कसं, ते आपण पाहू.

मेंदूत अब्जावधी पेशी आहेत. त्या एकमेकींना निरोप देतात, तेव्हा अगदी थोडी वीज उत्पन्न होते. किती थोडी? डोक्याच्या कातडीवर ती मोजली, तर बॅटरीतल्या एका सेलच्या सुमारे तीस हजाराव्या भागाइतकी भरते.

जर्मनीत येना गावी हान्स बर्गर नावाचे डॉक्टर होते. त्यांनी १९२४ साली माणसाच्या मेंदूतली ही वीज पहिल्यांदा टिपली. पण घाई केली नाही. पाच वर्षे पडताळा घेतला आणि १९२९ साली ती हकिकत छापली. माणूस डोळे मिटून स्वस्थ पडला, की कागदावर सेकंदाला सुमारे दहा अशा मोठ्या, सारख्या लाटा उमटत. डोळे उघडले किंवा अवघड हिशेब घातला, की त्या मोडत आणि रेघ बारीक होई. पुष्कळांना हे खरं वाटेना. मग १९३४ साली इंग्लंडात केंब्रिजला एड्रियन आणि मॅथ्यूज यांनी तेच करून दाखवलं.

आता तुम्ही म्हणाल, काम वाढलं तर लाट मोठी व्हायला हवी! इथेच गंमत आहे. शाळेची मुलं एका ठेक्यात लेझीम खेळतात, तेव्हा आवाज लांबवर जातो. तीच मुलं आपापल्या कामाला लागली, की ठेका मोडतो. काम मात्र वाढलेलं असतं. पेशींचंही तसंच.

पुढे १९९० नंतर एम.आर.आय. यंत्राने आणखी एक गोष्ट दिसू लागली. मेंदूच्या ज्या भागाला काम पडतं, तिकडे रक्त जास्त धावतं. पाहताना डोक्याच्या मागचा भाग, बोलताना बहुतेकांचा डावीकडचा.

फेफरं येणाऱ्या माणसाची ई.ई.जी. काढतात, ती बर्गर यांचीच युक्ती. डोक्याला तारा लावलेल्या पाहून घरची माणसं घाबरतात. पण बरं का, त्या तारांतून शॉक देत नाहीत. आतली वीज फक्त टिपतात. देवऋषीकडे महिने घालवण्यापेक्षा ही तपासणी केव्हाही बरी.

दुसरी भीती अशी, की यंत्र मनातलं वाचील. मागांच्या गल्लीतून जाताना खडखड ऐकू येते. माग चालू आहे हे कळतं. आत लुगडं आहे की पंचा, ते कळत नाही. या लाटांचंही तसंच आहे. तरीही गुन्ह्याच्या तपासात मेंदूची चाचणी घेऊ लागले. त्यावर २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की माणसाच्या संमतीशिवाय अशी चाचणी त्याच्यावर लादता येणार नाही.