चौसष्टाव्या वर्षीं यवतेश्वराचा घाट

साठी उलटल्यावर माणसानें काय करावें, याविषयीं आपल्या समाजांत फारसा मतभेद नाहीं. जप करावा, नातवंडें खेळवावीं, आणि फार तर संध्याकाळीं चार भिंतींपर्यंत रमतगमत जाऊन यावें. साताऱ्यास मुलांना संस्कृत शिकविण्यांत आयुष्य घालविलेल्या प्रस्तुत लेखकाचाहि क्रम असाच होता. म्हणून २०२२ च्या दिवाळींत जेव्हां 'पुढील वर्षीं आपल्या गांवच्या अर्धमॅरेथॉनमध्यें मी पळणार' असें मीं जाहीर केलें, तेव्हां चिरंजीव हंसले. सौभाग्यवती मात्र हंसल्या नाहींत. त्यांचे वडील बंधु दोन वर्षांपूर्वीं सकाळीं फिरावयास म्हणून गेले, ते परत आले नाहींत. "अहो, दादाहि धडधाकटच होते," एवढेंच त्या म्हणाल्या.

मॅरेथॉन हें नांव ग्रीस देशांतील एका रणभूमीचें. ख्रिस्तपूर्व ४९० मध्यें तेथें अथेन्सवासीयांनीं इराणी सैन्याचा पराभव केला. त्या स्मृतीस अनुसरून १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकांत ही शर्यत लाविली गेली. १९०८ सालीं लंडन येथें जें ४२.१९५ किलोमीटर अंतर धरलें, तेंच पुढें कायम झालें. त्याचें अर्ध म्हणजे २१ किलोमीटरांहून किंचित् अधिक. आपल्या लोकांस हा प्रकार परका वाटावयाचें कारण नाहीं. बेळगांवचे फडेप्पा चौगुले १९२० सालींच अँटवर्पच्या ऑलिंपिकांत मॅरेथॉन धांवून एकोणिसावे आले होते. साताऱ्याची डोंगरी अर्धमॅरेथॉन २०१२ पासूनची. शहरांतून निघून यवतेश्वराचा घाट चढावयाचा, कासच्या रस्त्यानें कांहीं अंतर जावयाचें व आल्या वाटेनें उतरावयाचें.

घरांतील विरोधास शास्त्राधारहि मिळाला. एका वैद्यमित्रानें वाग्भटाचें अष्टांगहृदय पुढें ठेविलें. त्यांत वृद्धास व्यायाम वर्ज्य सांगितला आहे! मी निरुत्तर झालों. पण पोथी मिटली नाहीं. बलवानानेंहि अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, असें तेथेंच आहे. आणि अर्धी शक्ति संपली हें ओळखावें कसें, तें सुश्रुत सांगतो. हृदयस्थानींचा वायु मुखावाटे येऊं लागला, कीं अर्धें बळ सरलें. आजचे शिक्षकहि नवशिक्यास, पळतां पळतां बोलतां आलें पाहिजे, असेंच बजावितात. दोन हजार वर्षांच्या अंतरानें दोघे एकाच खुणेवर आले, याचें मला फार कौतुक वाटलें. (वृद्धाविषयींचें वचन मीं सोयीस्करपणें बाजूस सारलें, हा आरोप मला मान्य आहे.)

तरीहि आधीं हृदयाची तपासणी करून घेतली; सरकत्या पट्ट्यावर चालवून डॉक्टरांनीं अनुज्ञा दिली. मग सौभाग्यवतींनीं एक अट घातली. पळतांना रामरक्षा म्हणावयाची. श्लोक मध्येंच तुटला कीं पळणें थांबवून चालावयाचें. सुश्रुत न वाचतां त्यांनीं सुश्रुताचेंच माप लाविलें होतें.

आरंभीं एक किलोमीटरांत दुसरा श्लोकहि निभेना. श्वास लवकर सुधारतो, स्नायूहि. परंतु अस्थि व स्नायुबंध फार सावकाश बळकट होतात, आणि उतावळा मनुष्य तेथेंच फसतो. मीहि फसलों. फाल्गुनांत नडगी दुखावून तीन आठवडे घरीं बसलों. नंतर मात्र रविवारीं एकदांच लांब पल्ला आणि इतर दिवस थोडकें, हा नियम मोडला नाहीं. आषाढापर्यंत सोळा किलोमीटर झाले. सौभाग्यवती तोंवर गॅलरींत बसून असत. चहा निवलेला असे.

२०२३ चा अधिक श्रावण सरून निज श्रावण लागला होता. शर्यतीच्या पहांटे घाटांत धुकें होतें. पहिला चढ मीं रामरक्षेसह पार केला. मग एका वळणावर श्लोक तुटला. माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्यानें मागून "सर, चला!" म्हणून हांक मारली. पळावें असा मोह अनिवार झाला. कोणी पाहणारें नव्हतें. तरी मी चाललों. शेंकडों तरुण पुढें गेले, आणि खरें सांगावयाचें तर डोळ्यांत पाणी आलें.

परतीचा उतार सोपा, अशी माझी समजूत होती. वस्तुतः उतरतांना मांडीचे स्नायु ताणले जात असतांनाच देहाचा भार पेलतात, म्हणून ते अधिक दुखावतात. शेवटचे तीन किलोमीटर मीं पायांनीं कमी व हट्टानें अधिक काढले. पुन्हां एकदां श्लोक तुटला, पुन्हां चाललों. तीन तास बारा मिनिटें लागलीं.

अंतिम रेषेपलीकडे गर्दींत सौभाग्यवती उभ्या होत्या. पदकाकडे त्यांनीं पाहिलेंहि नाहीं.

"रामरक्षा पुरी झाली?"

"दोनदां तुटली."

"मग?"

"दोन्ही वेळां चाललों."

त्यांनीं पिशवींतून दहीभाताचा डबा काढला, आणि तेथेंच पायरीवर बसून मीं तो संपविला.