‘टाकणे’ आणि ‘सोडणे’ : पुणतांब्याच्या गोदाकाठी स्वच्छतेची भाषा

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या राहाता तालुक्यात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुणतांबे हे जुने क्षेत्र वसलेले आहे. ज्यांना उद्देशून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्यांची ‘चांगदेवपासष्टी’ रचिली, त्या चांगदेवांची समाधी येथे आहे. येथील एक घाट अहिल्याबाई होळकरांनी बांधविला. दौंड-मनमाड लोहमार्गावर हे स्थानक असून शिर्डीकडे जाणारा, 2009 मध्ये सुरू झालेला फाटा येथूनच निघतो. समाधीच्या दर्शनास अथवा पर्वकाळी स्नानास येणाऱ्या यात्रेकरूच्या मनात गाव, घाट आणि नदी ही तीन निरनिराळी स्थळे नसतात. त्याच्या लेखी ते सर्व मिळून एकच ‘तीर्थ’ होय.

नदीकाठच्या अशा क्षेत्रांतून ‘नदीपात्रात कचरा टाकू नये’ या आशयाच्या पाट्या आढळतात. ती पाटी वाचूनही यात्रेकरू हातातील फुलांची पुडी प्रवाहाच्या स्वाधीन करतो. याला सामान्यतः अज्ञान, बेपर्वाई अथवा अंधश्रद्धा असे म्हटले जाते. परंतु भाषेच्या अंगाने पाहू गेल्यास निराळीच गोष्ट ध्यानात येते. त्या यात्रेकरूच्या हाती ‘कचरा’ नसतो आणि तो काही ‘टाकीत’ही नसतो. त्याच्या हाती ‘निर्माल्य’ असते व ते तो ‘सोडीत’ असतो. पाटीतील नाम आणि क्रियापद ही दोन्ही त्याला लागू पडत नाहीत. ती पाटी दुसऱ्या कोणासाठी लावलेली आहे, असे त्याने समजणे भाषादृष्ट्या अगदी स्वाभाविक आहे. या लहानशा विसंगतीचा उलगडा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

1. चार शब्द, चार कल्पना

‘पवित्र’, ‘शुद्ध’, ‘निर्मळ’ आणि ‘स्वच्छ’ हे चार शब्द व्यवहारात परस्परांचे पर्याय म्हणून योजिले जातात. त्यांची घडण मात्र एक नाही. ‘पवित्र’ हा ‘पू’, म्हणजे पावन करणे, या धातूपासून साधनवाचक प्रत्ययाने बनलेला आहे. जे पावन करते ते पवित्र. वैदिक वाङ्मयात सोमरस गाळावयाच्या गाळणीस हेच नाव आहे. म्हणजे मुळात हा शब्द स्वच्छ झालेल्या वस्तूचा नसून स्वच्छ करणाऱ्या साधनाचा आहे. ‘निर्मळ’ म्हणजे मळ निघून गेलेले. ‘स्वच्छ’ हा ‘सु’ आणि ‘अच्छ’ यांचा संयोग असून ‘अच्छ’ म्हणजे आरपार दिसणारे, पारदर्शक. ‘शुद्ध’ या शब्दाचा रोख भेसळ वा दोष नसण्याकडे आहे.

नदीला ‘पवित्र’ म्हणताना भाषकाच्या मनात मूळचा साधनवाचक अर्थ नकळत जागा असतो. नदी ही पावन करणारी शक्ती, आणि गाळणीने गाळ अडवावयाचा हे तर ठरलेलेच. त्यामुळे नदीत काही सोडल्याने ती मलिन होईल, ही शंका उद्भवण्यास या शब्दात फारशी जागा राहत नाही. ‘पवित्र नदी अस्वच्छ आहे’ या विधानात मराठी भाषकाला विरोध जाणवतो, वस्तुतः मात्र दोन्ही विशेषणे एकाच पाण्यास एकाच वेळी लागू पडू शकतात.

‘प्रदूषण’ या शब्दाचा इतिहासही असाच बोधक आहे. ‘दुष्’, म्हणजे बिघडणे, दोषयुक्त होणे, हा त्याचा धातू. भगवद्गीतेच्या पहिल्या अध्यायात ‘प्र’ उपसर्गासह हा धातू कुलधर्म ढळल्याने येणाऱ्या नैतिक बिघाडासंबंधी आला आहे. इंग्रजीतील ‘पोल्यूशन’ या शब्दाचाही जुना अर्थ विटाळ, धर्मभ्रष्टता असाच होता. हवा व पाणी यांच्या भौतिक बिघाडाचा अर्थ त्यात औद्योगिक युगात रूढ झाला. महाराष्ट्रात जलप्रदूषण प्रतिबंधक कायदा 1969 मध्ये झाला व 1970 मध्ये त्यासाठी मंडळ स्थापन झाले. त्यानंतर 1974 मध्ये केंद्राचा जलप्रदूषणविषयक कायदा आला. ‘प्रदूषण’ हा शब्द आज सर्वतोमुखी आहे खरा, पण तो कचेरीतून व वृत्तपत्रातून आलेला आहे. देवघर, स्वयंपाकघर आणि घाट येथील शब्द ‘विटाळ’, ‘सोवळे’, ‘ओवळे’, ‘उष्टे’, ‘खरकटे’ असे आहेत, आणि त्यांच्या यादीत नदीचा विटाळ नाही.

2. दोन क्रियापदे

मराठीत केर ‘टाकतात’, खरकटे ‘टाकतात’. पण दिवा प्रवाहात ‘सोडतात’, निर्माल्य ‘सोडतात’, अस्थी ‘विसर्जित करतात’. देवाला फूल ‘वाहतात’ आणि नदीही ‘वाहते’. अर्पण आणि प्रवाह या दोन कल्पना येथे एकाच ध्वनिरूपाने सांगितल्या जातात. ‘टाकणे’ या क्रियापदात वस्तूची हेटाळणी आहे, ‘सोडणे’ यात तिचा मान राखून तिला निरोप देणे आहे.

‘सोडणे’ या क्रियापदाला आणखी एक अर्थच्छटा आहे. दान देताना हातावरून उदक सोडावयाचे, म्हणजे त्या वस्तूवरील आपला हक्क संपला, असा संकेत आहे. यावरूनच ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. सोडणाऱ्याचा सोडलेल्या वस्तूशी यापुढे संबंध नाही, हा त्यातील गाभा होय. दानधर्मात ही निःसंगता सद्गुण ठरते. नदीच्या बाबतीत मात्र तीच निःसंगता जबाबदारीचा शेवट ठरते, कारण सोडलेली वस्तू नाहीशी होत नाही, ती फक्त खालच्या गावी जाते.

हेच क्रियापद शासकीय गद्यातही वावरते. धरणातून आवर्तन ‘सोडले जाते’ आणि नाल्यातून सांडपाणी नदीत ‘सोडले जाते’. ‘सांडपाणी’ हा शब्दच ‘सांडणे’ यापासून झालेला आहे. सांडणे ही क्रिया बहुधा हातून नकळत घडणारी. अशा रीतीने नामातून हेतू वगळला जातो व कर्मणी प्रयोगातून कर्ता वगळला जातो. ‘नदीचे प्रदूषण झाले’ या वाक्यात तर कोणीच काही केलेले नसते. भाविकाचा दिवा आणि शहराचे गटार यांना एकच क्रियापद लाभावे, ही योगायोगाची गोष्ट असली तरी तिचा परिणाम योगायोगाचा नाही. दिव्याभोवतीची सौम्यता गटाराच्या वाक्यालाही लाभते.

3. पाण्याची कसोटी

येथे भाषेच्या क्षेत्राबाहेरील काही गोष्टी ध्यानी घेणे अवश्य आहे. पाण्यात विरघळलेला प्राणवायू हा जलचरांचा आधार. 20 अंश सेल्सिअस तापमानास एका लिटर पाण्यात तो सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांस सुमारे साडेसात. सेंद्रिय मळ कुजविताना जिवाणू हा प्राणवायू वापरतात. त्यांना लागणाऱ्या प्राणवायूचे मोजमाप म्हणजेच जैव प्राणवायू मागणी. केंद्र शासनाच्या 2000 च्या निकषांनुसार स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरमागे 3 मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी, विरघळलेला प्राणवायू किमान 5 मिलिग्रॅम असावा आणि विष्ठाजन्य कोलिफॉर्म जिवाणूंची गणना दर 100 मिलिलिटरमागे 500 च्या आत असावी. कमाल मर्यादा 2500 आहे.

या कसोट्यांपैकी एकही डोळ्यांना दिसणारी नाही. गढूळ पाणी ‘निवळते’, तुरटी फिरविल्यास लवकर निवळते, आणि मग ते ‘स्वच्छ’ म्हणजे व्युत्पत्तीप्रमाणे पारदर्शक होते. तथापि निवळलेल्या पाण्यातही जिवाणू व विरघळलेले क्षार असू शकतात. उलटपक्षी पावसाळ्यातील तांबूस पूर हा डोळ्यांना मलिन दिसला तरी त्यातील पुष्कळ गढूळपणा निव्वळ मातीचा असतो. आरपार दिसते ते निर्दोष, असा ‘स्वच्छ’ या शब्दाचा जो आग्रह आहे, तो पाण्याच्या बाबतीत फसवा ठरतो.

वाहते पाणी आपोआप शुद्ध होते, ही लोकसमजूत निराधार नव्हे. प्रवाहात हवा मिसळते, मळ विरळ होतो, जिवाणू तो कुजवून संपवितात. मात्र त्यासाठी प्रवाह हवा. उन्हाळ्यात पात्रात डोह तेवढे उरतात, तेव्हा ‘वाहते’ हे विशेषणच गळून पडते. समजूत मागे राहते आणि तिची अट नाहीशी होते.

4. नदीचे मूळ

‘नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ पाहू नये’ अशी म्हण आहे. पुणतांब्याच्या घाटाला मात्र ते पाहणे भाग आहे. त्र्यंबकजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावलेली गोदावरी गंगापूर धरणात अडते, नाशिक शहरातून वाहते, नांदूर मधमेश्वर येथील बंधाऱ्यावर पुन्हा अडते व तिचे पाणी कालव्यांनी दोन्ही तीरांवरील शेतीस वळते. त्यानंतर कोपरगाव ओलांडून ती पुणतांब्यास येते आणि पुढे पैठणच्या नाथसागरास मिळते. वाटेत शहरांचे सांडपाणी, कारखान्यांतील दूषित पाणी आणि शेतातील खतांचा अंश नदीस मिळण्याचा संभव असतो. खतांतील स्फुरद व नत्र यांवर शेवाळ व पाणवेली माजतात.

या हिशेबात यात्रेकरूच्या पुडीतील फुलांचा वाटा अल्प आहे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. दोष घाटावरील भाविकाच्या पदरी घालून वरच्या प्रवाहाकडे न पाहणे, हा त्या म्हणीचाच नवा अवतार ठरेल. दोहोंत फरक एवढाच की, भाविकाला त्याच्या भाषेत कोणी बोलले नाही, आणि नगरांना त्यांच्या वाक्यातील कर्ता कोणी विचारला नाही.

5. शब्दयोजना व आचार

उपाय शब्दांनी होत नाही. मैलापाणी शुद्ध करणारी यंत्रणा उभी राहून ती अखंड चालली पाहिजे, नदीत किमान प्रवाह राहिला पाहिजे. तथापि योग्य शब्द आचाराला वाट करून देतो, याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. घाटांवर व गणेशविसर्जनाच्या ठिकाणी ठेविले जाणारे ‘निर्माल्य कलश’ कार्याने कचरापेट्यांहून वेगळे नाहीत. परंतु नावाने वस्तूचा मान राखला आहे, आणि त्यामुळे भाविकाला पुडी तेथे ‘सोडता’ येते. त्या फुलांचे पुढे खत करता येते. ‘कचरा टाकू नये’ या निषेधाने जे साधत नाही, ते ‘निर्माल्य येथे अर्पण करावे’ या विधीने साधू शकते.

दुसरे उदाहरण आचाराचे आहे. मराठीतील झाडणे, सारवणे, सडा घालणे ही सफाईची क्रियापदे घर व अंगण यांच्या हद्दीत राहतात, आणि केर त्या हद्दीच्या ‘बाहेर’ जातो. गाडगेबाबांनी (1876-1956) हातात खराटा घेऊन ही हद्दच पुसली. ज्या गावी ते पाहुणे म्हणून जात, ते गाव प्रथम झाडून काढीत आणि मग रात्री कीर्तनास उभे राहत. राज्य शासनाने 2000-01 मध्ये सुरू केलेल्या ग्रामस्वच्छता अभियानास त्यांचेच नाव दिले. येणारा पाहुणा येथे काही ‘सोडून’ जात नव्हता, तो ‘आवरून’ जात होता.

‘तीर्थ’ या शब्दाचा मूळ अर्थ पाण्यात उतरावयाची वाट, उतार असा आहे. पुणतांब्याच्या घाटाच्या पायऱ्या म्हणजे शब्दशः तीर्थच होत. त्या पायरीवर उतरलेल्या मनुष्याने ओंजळीत घेतलेले पाणी निःशंकपणे तोंडात घालता यावे, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा आहे. ती पुरी करण्याची जबाबदारी त्या मनुष्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, ज्यांच्या वाक्यांत अद्याप कर्ता नाही त्यांची आहे.